कानांनी वाचायचे पुस्तक

श्रोतेहो, आज पाठ्यपुस्तकांविषयी बोलायचे आहे. पण आरंभ माझ्याच एका फजितीने करतो.

तीन वर्षांमागे माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. पहिल्या बाकावर बसे, मान किंचित तिरपी करून ऐके. परीक्षा महिन्यावर आली तेव्हा म्हणाला, "सर, आपली टिपणं फोनवर पाठवाल का? फोन मला वाचून दाखवतो." मी मोठ्या उदारपणे वर्षानुवर्षांची टिपणे धाडून दिली. दुसऱ्या दिवशी त्याने फोन माझ्या कानाशी धरला. माझ्या मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता चिवडा! काही पानांची मी छायाचित्रे पाठवली होती. तिथे फोन गप्पच.

झाले काय, ते सांगतो. कागदावरचा 'क' म्हणजे शाईची आकृती. संगणकात मात्र प्रत्येक अक्षरामागे एक क्रमांक असतो. युनिकोड पद्धतीत मराठी 'क'चा क्रमांक जगभर एकच. जुन्या टंकांत तसे नव्हते; इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी आकृती बसवलेली असे. पाटी जोशांची आणि आत राहतात कुलकर्णी, तसला प्रकार! डोळ्यांना मराठी दिसते, वाचणाऱ्या यंत्राला इंग्रजी. छायाचित्रात तर अक्षरेच नाहीत. त्यातून ती ओळखून काढणारी साधने आहेत, पण आपल्या जोडाक्षरांशी ती बरेचदा अडखळतात.

तेव्हा पुस्तक संगणकावर चढवले म्हणजे ते सर्वांना खुले झाले, असे नव्हे. मथळा हा मथळा म्हणून नोंदवलेला हवा, म्हणजे ऐकणाऱ्याला तिसऱ्या धड्यावर थेट उडी मारता येते. नकाशाखाली त्याचे वर्णन हवे. हे सारे पुस्तक जुळवतानाच केले, तर त्याच एका प्रतीतून मोठ्या अक्षरांचे, ब्रेलचे आणि बोलके अशी सगळी पुस्तके निघतात. मागाहून करायचे तर दुप्पट खटाटोप. ब्रेलची गरज मात्र संपलेली नाही बरे का! नुसत्या कानांनी ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, आणि गणित तर बोटांखालीच हवे. भारती ब्रेल लिपी १९५१ पासून आपल्याकडे आहे.

आता कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, किमान चाळीस टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, इतर अध्ययनसाहित्य आणि योग्य ती साधने मोफत पुरवायची आहेत. कर्णबधिर मुलांसाठी एनसीईआरटीची पुस्तके भारतीय सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० साली झाला. हे चांगलेच. पण पुस्तक कोणत्या दिवशी हातात पडावे, हे ते कलम सांगत नाही. आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. डोळस मुलाला पुस्तक शाळा उघडताना आणि अंध मुलाला दिवाळीनंतर मिळाले, तर कायदा पाळला गेला; मुलाचे सत्र मात्र गेले.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांना एक भीती असते : पुस्तक उतरवून दिले तर प्रकाशक हरकत घेईल. ती सोडा. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी, नफा न घेता, त्याला वाचता येईल अशा रूपात पुस्तक उतरवायला परवानगी लागत नाही. पुढे २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरी याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अंतिम मान्यता देणारा पहिला देश कोणता? आपला भारत, २०१४ साली! २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकावरचे ग्रंथालयही सुरू झाले. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांना तिथे सभासद होता येते. गावात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आईबापांना हे जरूर सांगा. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही आज्ञावलीसुद्धा मोफत मिळते.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे काय झाले, म्हणाल. मी आणि माझी मुलगी रात्री बसून टिपणे नव्याने युनिकोडमध्ये टंकित करू लागलो. दोन प्रकरणे राहिली; ती परीक्षेनंतर पोचली. तो उत्तीर्ण झाला. त्या दोन प्रकरणांवरचा प्रश्न मात्र त्याने सोडून दिला होता.