मग ही फाशी कसली?

(वडूज येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पुढारी बोलले की आपण ऐकून घेतो. आज त्यांचं एक म्हणणं तपासून पाहू.

१२ डिसेंबर २००५ ला दूरदर्शन संचावर साऱ्या देशाने खासदार पैसे घेताना पाहिले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी घेतलेले पैसे! रकमा पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत. एकूण अकरा खासदार : भाजपचे सहा, बसपचे तीन, काँग्रेस आणि राजदचा एकेक. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते. २३ डिसेंबरला संसदेने अकराही जणांना काढून टाकलं. विरोधी पक्षनेते लालकृष्ण अडवाणी यांनी या शिक्षेची तुलना फाशीशी केली. त्यांच्या पक्षाने सभात्याग केला.

अकरा दिवसांत निकाल लावला, घाई झाली, अशी तक्रार करता येईल. पण फाशी?

हकालपट्टीने चालू मुदतीपुरती जागा जाते. पुन्हा उभं राहायला बंदी नसते. संसदेला हा अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये सांगितलं. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते राजाराम पाल २००९ मध्ये निवडून येऊन पुन्हा लोकसभेत बसले.

असं पूर्वी घडलं नव्हतं, असंही नाही. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल मुदगल या सदस्यांना काढण्याचा ठराव खुद्द नेहरूंनी, स्वतःच्या पक्षाच्या माणसाविरुद्ध मांडला होता. मुदगल यांनी आधीच राजीनामा दिला.

आता आपल्याकडे बघा. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीच्या सदस्य बाईचं पद जातं, आणि पुढे उभंही राहता येत नाही. मुलं किती, हे बहुतेक घरांत तिला कोण विचारतं? खासदाराला मात्र हा नियमच नाही. मग खरी फाशी कोणाला?

खासदाराचा प्रश्न म्हणजे आपला आवाज. खटाव-माणच्या पाण्याचा, रेशनचा प्रश्न त्याने मांडायचा. तो पैसेवाल्याला विकला, की आपली जागा विकली. १९४२ मध्ये याच वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेणाऱ्यांनी गोळ्या झेलल्या, त्या या हक्कासाठीच.

म्हणून पुढच्या सभेत कुणी 'अन्याय झाला' म्हणालं, तर उठून तीन गोष्टी विचारा : नेमकं काय गेलं? किती दिवसांसाठी? आणि हाच नियम आम्हाला का नाही?