गाडीचे लाल तेल
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एखाद्या घरगुती विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणची-मुरंबे असावेत. मी विषय कळवला तो गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल बदलण्याचा. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "घरीच केलंत ना? मग घरगुतीच झालं!"

तुमच्यापैकी पुष्कळजणी माझ्या गाडीत बसलेल्या आहेत. मोतीबिंदूच्या तपासणीला आपण जातो ती हीच, 2005 सालची होंडा अ‍ॅकॉर्ड. आमच्या ह्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. ह्यांच्या मागे ती मी चालवते. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने क्लच दाबणे मला जमत नाही. या गाडीला डाव्या पायाचे कामच नाही, गिअर आपोआप पडतात. तेव्हा ही गाडी थांबली की मीही घरात बसले, इतका साधा हिशेब आहे.

गेल्या चैत्रात त्र्यंबक रस्त्याच्या चढावर तिने कुरकुर सुरू केली. गिअर बदलताना इंजिन नुसते ओरडे, गाडी पुढे सरकेना, आणि मग एकदम हिसका बसे. एका गॅरेजवाल्याने न पाहताच "गिअरबॉक्स खोलावा लागेल" म्हणून असा आकडा सांगितला की त्यात माझे वर्षाचे किराणा सामान यावे. दुसरा म्हणाला, "बाई, तेलाला हात लावू नका. जुन्या तेलावरच ती चालली आहे, नवे घातले की बसेल."

या दुसऱ्याच्या बोलण्याने मी फार दिवस घाबरून होते. पण त्यामागचे कारण समजून घेतले तेव्हा भीती पुष्कळ कमी झाली. या गिअरबॉक्समधले तेल नुसते वंगण नव्हे. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर म्हणून एक भाग असतो. त्यात एक पंखा तेल ढकलतो आणि त्या तेलाने दुसरा फिरतो. पुढे त्याच तेलाच्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जाऊन गिअर पडतो, आणि उष्णताही तेच वाहून नेते. त्या चकत्याच झिजून गेल्या असतील तर नव्या तेलाने त्या परत येत नाहीत. मरणारा गिअरबॉक्स तेल बदलल्यावर मेला की दोष तेलाला लागतो. यंत्राने जोरात तेल मारून सगळे धुऊन काढण्यात मात्र थोडा धोका आहे. साचलेली घाण सुटून बारीक वाटांत अडकू शकते. मी तो मार्ग घेतला नाही.

आधी गेजची दांडी काढून पांढऱ्या कापडावर पुसली. नवे तेल लाल असते. तो रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे खाली ठिपका पडला तर इंजिनचे तेल की गिअरचे ते ओळखू येते. (अमेरिकेत 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांपासून असले गिअर सर्रास विकले जाऊ लागले, आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या तेलात देवमाशाचे तेल मिसळत असत! 1970 नंतर ते बंद पडले.) माझे तेल काढ्यासारखे तपकिरी निघाले, पण करपट वास नव्हता, की कपड्यावर काळी कणी नव्हती. करपट वास असता तर मी हात आखडता घेतला असता.

तेल कोणते, यात हयगय करू नये. माझ्या गाडीच्या पुस्तकात झेड-वन असे नाव आहे. त्याची जागा त्याच कंपनीच्या डीडब्ल्यू-वनने घेतली आहे, ते आणले. हल्ली 'ऑटोमॅटिक' म्हणून मिळणाऱ्या सगळ्या गाड्या एका जातीच्या नाहीत, हेही लक्षात असू द्या. कुणाची सीव्हीटी असते, तिचे तेल निराळे. कुणाची साध्याच गिअरला यंत्राचा हात जोडलेली एएमटी असते, तिचे आणखी निराळे. आणि ज्या गाडीला दांडीच नाही तिच्या वाटेला घरी जाऊ नये.

एका रविवारी सकाळी मी आणि सूनबाई पार्किंगच्या सपाट फरशीवर कामाला लागलो. गाडी थोडी फिरवून तेल कोमट केले, कढत नव्हे. हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये, अगदी मिनिटभरही. माझ्या गुडघ्यामुळे खाली सूनबाई शिरली आणि वरची बाजू माझ्याकडे आली.

खालचे बूच सोडण्याआधी वरून तेल भरण्याचे बूच सुटते की नाही ते पाहायचे, हे मी वाचून ठेवले होते, आणि ते फार बरे झाले. ते बूच असे गच्च बसले होते की पाऊण तास गेला. पान्याला पाइप अडकवून दोघींनी जोर केला तेव्हा कुठे हलले. तेल आधी काढून बसलो असतो तर भरायला वाटच नाही आणि गाडी तिथेच उभी! खालच्या बुचाला चौकोनी खाच असते, तीत पान्याचा दांडाच बसतो. घमेल्यात तेल आले, बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लेप होता. तो हळदीच्या चिखलासारखा मऊ असेल तर चिंता नाही. बोटाला तुकडे लागले तर चिंता. नवा वॉशर घालून बूच बसवले आणि निघालेले तेल दुधाच्या मापाने मोजले, ते अडीच लिटरला जरा कमी भरले. तेवढेच नवे नरसाळ्याने घातले. जास्त घालू नये, फेस होतो आणि दाब मिळत नाही.

आता गंमत अशी की गिअरबॉक्समध्ये तेल सुमारे साडेसहा लिटर. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडून राहते. ताकाच्या भांड्यातून दोन पेले काढून दोन पेले पाणी घातले तर ताक पातळ होते, जात नाही, तसेच हे. म्हणून गाडी त्र्यंबकला नेऊन आणली आणि पुढच्या रविवारी पुन्हा बदलले. मग सिन्नरची फेरी आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेनंतर जुन्याचा फार तर चौथा हिस्सा उरतो. दर वेळी दांडी पाहण्याचीही रीत आहे. इंजिन पुरते तापले, रेडिएटरचा पंखा फिरून गेला की ते बंद करायचे आणि एक ते दीड मिनिटाच्या आत दांडी पाहायची. ही रीत या गाडीची. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, तेव्हा आपापले पुस्तक उघडावे.

जुने तेल गटारात ओतण्याचा सल्ला शेजारून आला होता. ते शेवटी गोदेतच जायचे! ते डब्यांत भरून, वापरलेले तेल परवानाधारकाकडे शुद्धीकरणाला देणाऱ्या एका गॅरेजात पोहोचवले.

चढावरचा तो हिसका गेला. खोटे कशाला सांगू, थंडीत पहाटे दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना अजून हलकासा धक्का बसतो, आणि तो कदाचित राहीलही. किलोमीटरचा आकडा मी किराण्याच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवला आहे.

बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्याची फेरी आहे. दोन जागा शिल्लक आहेत. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.