सहा खणांचं घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पोटापाण्यासाठी कारकुनी केली. त्यामुळे घरपट्टीच्या कागदांवर मी बोलणार आहे हे ऐकून तुम्ही रेडिओचं बटण फिरवाल अशी भीती आहे. पण आमच्या तालुक्याच्या गावातलं जुनं घर हा माझ्या कवितेचा तीस वर्षांचा विषय. त्याचं माळवद, त्यातला धूर, दारातली निंबोणी, सगळं लिहून झालं. ते घर कागदावर कुणाचं आहे, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

पाहावं लागलं ते २०२१ च्या पावसाळ्यात. अब्बा २०१९ साली गेले. घराच्या मागच्या दोन खणांत माझी फुफी राहते. फुफी म्हणजे अब्बांची सख्खी धाकटी बहीण. नवरा वारल्यावर १९९१ साली ती लेकाला घेऊन माहेरी आली, ती तिथंच राहिली. त्या पावसात तिच्या डोक्यावरचं माळवद एका कोपऱ्यात बसलं. तिचा मुलगा म्हणाला, भाईजान, घरकुलासाठी अर्ज करतो, फक्त अम्मीच्या नावाचा असेसमेंट उतारा पाहिजे. मी नगरपालिकेत गेलो. उताऱ्यावर एकच नाव होतं, अब्बांचं. फुफी त्या कागदावर कुठंच नव्हती.

खिडकीवरच्या कारकुनाने उतारा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "सर, मागचं पाहायचं असेल तर जुनी रजिस्टरं बघावी लागतील." तशी ती सहज कुणी दाखवत नाही. मी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला. मागणी एवढीच की अमुक घर नंबरच्या कर आकारणीच्या नोंदी १९६४ पासून आजपर्यंत पाहू द्याव्यात. २००५ च्या त्या कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावणं आलं.

इथं थोडं समजावून सांगतो, कारण मलाही ते कुणीतरी समजावून सांगावं लागलं. नगरपालिका घरांची एक कर आकारणी यादी करते. १९६५ च्या नगरपालिका कायद्याप्रमाणे ती चार वर्षांनी नव्याने व्हायची असते. प्रत्यक्षात ती चारची सहा, सहाची आठ वर्षं होतात, तो भाग वेगळा. यादी तयार झाली की जाहीर नोटीस निघते, हरकती मागवतात, मग ती कायम होते. म्हणजे एका घराची एकच नोंद शोधून भागत नाही. दर आकारणीचं रजिस्टर वेगळं, आणि नवं रजिस्टर जुन्यावरून उतरवलेलं. गळती होते ती या उतरवण्यात. घर नंबरही बदलतात. आमचं घर आधी एका पेठेत होतं, पुढं एका वॉर्डात गेलं, मग प्रभागात आलं. कारकून शहाणा असेल तर नव्या नंबराशेजारी जुना नंबर लिहून ठेवतो. आमच्या नशिबाने १९७२ चा कारकून शहाणा होता.

१९६८ चं रजिस्टर लाल रुमालात बांधलेलं होतं. त्यात आजोबांचं नाव, 'वल्द' करून पणजोबांचं, आणि वर्णनाच्या रकान्यात 'माळवदी घर, खण ६, पुढे ओटा, मागे परसू'. श्रोतेहो, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. पूर्वी घर खणांवर मोजत. चौरस फूट नंतर आले. मला तो रकाना वाचून आनंद झाला, तो कवीचा आनंद होता. पुढचा रकाना वार्षिक भाड्याचा: बहात्तर रुपये. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आले असते, असा तो अंदाज. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा, म्हणून करयोग्य मूल्य चौसष्ट रुपये ऐंशी पैसे. घरपट्टी या आकड्यावर बसते, घराच्या बाजारभावावर नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली, ग्रामपंचायतींनाही २०१५ पासून त्याच वाटेने नेलं; आमच्या गावाचा हिशेब मात्र अजून भाड्याच्या अंदाजावरच चालतो.

बिलात आणखीही काही ओळी असतात. शिक्षण कर, वृक्ष कर आणि रोजगार हमी कर. शेवटचा फक्त बिगर निवासी वापराला लागतो. आमच्या ओट्यावर काही वर्षं शिंप्याचं दुकान होतं. त्या वर्षांच्या बिलात ही ओळ आहे, आधी नाही आणि नंतरही नाही. शिंपी कधी आला आणि कधी गेला हे घरात कुणाला सांगता येईना, बिलाने सांगितलं.

आता मूळ गोष्ट. आजोबा १९७१ साली गेले. १९७२ च्या रजिस्टरात तीन नावं आहेत: दादीमाँ, अब्बा आणि फुफी. दादीमाँ १९७९ साली गेल्या. १९८० च्या रजिस्टरात दोन नावं, भाऊ आणि बहीण. १९८४ च्या रजिस्टरात एकच. आमचं आडनाव या चार रजिस्टरांत तीन तऱ्हेनं लिहिलंय, म्हणून आधी वाटलं की उतरवणाऱ्याची चूक असेल. पण शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, बारीक अक्षरात होतं: 'अर्जावरून बहिणीचे नाव कमी', आणि पुढे आवक नंबर.

शेऱ्याचा रकाना वाचल्याशिवाय कुणीही रजिस्टर मिटू नये. बाकीच्या रकान्यांत नोंद काय ते असतं, ती का बदलली ते शेऱ्यात.

त्या आवक नंबराचा कागद मिळायला आणखी दोन महिने गेले. अर्धं पान. अक्षर अब्बांचं, ओळखायला एक क्षण पुरला. 'बहीण लग्न होऊन सासरी नांदत आहे. घरपट्टी मी एकटाच भरतो. तरी तिचे नाव कमी व्हावे.' खाली अब्बांची सही. बहिणीची सही नव्हती. फुफी चौथीपर्यंत शिकलेली आहे, सही करते.

मी तो कागद चार दिवस कुणाला दाखवला नाही. खरं सांगायचं तर मधे एकदा असंही मनात आलं, की हा कागद शोधायला मला कुणी सांगितलं होतं? नोंद अब्बांची, पुढे माझी आणि धाकट्या भावाची, सगळं सरळ होतं. पाचव्या दिवशी मागच्या दारी गेलो आणि फुफीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मेरेकू मालूम था रे. भाईजानने तबीच बोले थे." मग उठली आणि फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

डब्यात घरपट्टीच्या पावत्या होत्या, १९९१ पासूनच्या. प्रत्येक पावतीवर नाव अब्बांचं. पण पावतीवर आणखी एक शब्द असतो, आपण तो वाचत नाही: 'हस्ते'. पैसे कुणी आणून भरले ते. एकवीस पावत्यांवर हस्ते म्हणून फुफीचं नाव होतं. पैसे कुणाचे, असं मी विचारलं. ती म्हणाली, कधी त्याचे, कधी माझे. शिलाईचे.

एका वकील मित्राने मग मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. घरपट्टीची नोंद ही कर कुणाकडून वसूल करायचा याची नोंद आहे. ती मालकी देत नाही, आणि तिथून नाव गेलं म्हणून मालकी जातही नाही. मालकीसाठी खरेदीखत, वारसा आणि सिटी सर्व्हे झालेल्या गावात मिळकत पत्रिका पाहायची. ती भूमी अभिलेख कार्यालयात मिळते, नगरपालिकेत नाही. आमची काढली. तिच्यावर अजून आजोबांचंच नाव होतं! पन्नास वर्षांत तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

मग शरियतचा हिशेब मांडला. आजोबांच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. तेव्हा अब्बांच्या वाट्याला येतात बरोबर सात बारांश. शेतकऱ्यांच्या या मुलखात आमचा सातबारा असा निघाला. पुढे दादीमाँचा आठवाही त्याच प्रमाणात वाटला गेला, आणि शेवटी भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. सहा खणांच्या घरात किती? दोन खण. फुफी तीस वर्षं राहतेय तेवढेच. कुणी मोजून दिले नव्हते.

खेड्यात ही तजवीज आणखी नाजूक असते. तिथं नगरपालिकेऐवजी ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा, म्हणजे कर आकारणीची नोंद. नऊ नंबरला मागणी आणि वसुली. पुष्कळ गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळे लोक आठ नंबरलाच मालकी समजत आले. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देणं सुरू झालं. मोजणीवाले दारात येतील तेव्हा घरातल्या बायकांची नावं कुठं आहेत ते आधीच पाहून ठेवा. २००३ साली ग्रामविकास खात्याने आठ नंबरला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायला सांगितलं, 'घर दोघांचे' म्हणून. बायकोचं लागलं असेल तर उत्तम. बहिणीचं कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही भूमी अभिलेखमध्ये सगळ्या वारसांची नोंद केली. धाकटा भाऊ आधी सहीला तयार नव्हता. अब्बांच्या अक्षरातला तो कागद बाहेर काढल्याचा त्याला राग होता, आणि मला तो समजतो. सात महिने आमचं बोलणं नव्हतं. ईदला तो आला, मागच्या दारी जाऊन शीरखुर्मा प्याला आणि जाताना सही करून गेला. त्याविषयी आम्ही अजून बोललेलो नाही.

मिळकत पत्रिकेच्या आधारे नगरपालिकेत फुफीच्या दोन खणांची आकारणी वेगळी झाली. पहिलं बिल आलं तेव्हा तिचे गुडघे दुखत होते, म्हणून भरायला मी गेलो. पावती आणून तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, नाव वाचलं, 'हस्ते'पुढचं माझं नावही वाचलं, आणि म्हणाली, "नाम गलत लिख्ये रे." खरंच, शेवटचं 'बी' गळालं होतं. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.