नावानं हाक मारणारा माणूस
(गिरणगावातील कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मोर्चा कशानं निघतो असं कुणी विचारलं, तर आपण चटकन सांगतो, पुढाऱ्याच्या भाषणानं, शाहिराच्या डफानं! खोटं नाही ते. पण अर्धंच खरं आहे. डफ ऐकून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून, पगारावर पाणी सोडून तो लाठीपुढे उभा राहतो, तो शेजारी ओळखीचा माणूस असतो म्हणून!

21 नोव्हेंबर 1955 चा दिवस आठवा. मुंबई महाराष्ट्राची, हे सांगायला फ्लोरा फाउंटनवर जनसागर लोटला. गोळीबार झाला, 15 जण हुतात्मे झाले. जानेवारी 1956 मध्ये पुन्हा गोळ्या सुटल्या. शंभरावर हुतात्म्यांचं रक्त या चळवळीत सांडलं. तरी गिरणगाव हटलं नाही. ही हिंमत आली कुठून?

ती आली चाळीतून. एका खोलीत दहा-वीस गाववाले, पाळीपाळीनं झोपणारे. खातं एक, नाका एक, भजनी मंडळ एक, तालीम एक. शेजारच्या साच्यावरच्या माणसाची म्हातारी गावी अंथरुणाला खिळली आहे, हे साचेवाल्याला ठाऊक असे. कुणाचा पगार तुटला, कोण दोन दिवस नीट जेवला नाही, हे खानावळवालीला ताटावरून कळे. सरकारकडे तारा होत्या, टेलिफोन होते. आपल्याकडे ही माणसं होती!

पण बंधूंनो, माणूस ओळखणं हे दुधारी हत्यार आहे. जॉबरसुद्धा माणसं ओळखत होता! गावाहून माणूस तोच आणी, कामाला तोच लावी, अडीनडीला उसने पैसेही तोच देई. आणि संप आला की त्याच देण्याचा फास आवळी. 1928 साली सहा महिने संप चालला, तेव्हा गिरणीगिरणीत कामगारांच्या स्वतःच्या कमिट्या उभ्या राहिल्या. कामगाराला ओळखणारा दुसरा माणूस तेव्हा त्याच्याच खात्यात तयार झाला. जॉबर विचारी, ‘तुझं देणं किती?’ कमिटीवाला विचारी, ‘तुझं दुखणं काय?’ ओळख दोघांचीही होती. एकानं ती माणसाला दाबायला वापरली, दुसऱ्यानं उभं करायला. कार्यकर्त्यानं हा फरक कधी विसरू नये.

मग कार्यकर्त्यानं करायचं काय? आधी ऐकायचं. एखादा बदली कामगार सभेला येत नसे. लोक म्हणत, भित्रा आहे. त्याच्याजवळ बसून विचारलं म्हणजे कळे, की सकाळी गिरणीच्या दारात उभं राहिलं नाही, तर त्या दिवशी काम नाही आणि चूलही नाही. त्याला भित्रा म्हणून काय उपयोग? सभेची वेळ बदला, तो येईल! वाइंडिंगमधल्या बाईला रात्रीच्या सभेला बोलावून ती कशी येणार? तिच्याकडे तिच्या चाळीतल्या बाईलाच पाठवा. जे माहीत नाही, ते ‘विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरंच विचारून सांगा. ज्याच्याकडून चार आणे वर्गणी घेतली, त्याला चार आण्यांचा हिशेब द्या. आणि प्रत्येकाला काहीतरी काम द्या. सतरंजी घालणारासुद्धा सभा आपली मानतो.

अशा ओळखीवरच 1957 ची निवडणूक लढली गेली. मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे लोकसभेवर गेले, आचार्य अत्रे विधानसभेत गेले. मुंबई महापालिकाही त्याच वर्षी समितीच्या हाती आली. मोर्चात चालणारा कामगार मतपेटीपर्यंत पोहोचला, म्हणूनच 1 मे 1960 उजाडला!

आज काय आहे? 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चिमण्यांच्या जागी टॉवर आले. माणसं पांगली. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. घरासाठी अर्ज केलेल्यांची संख्या लाखावर आहे. कुणाचं तिकीट हरवलं, कुणाचा धनी गेला आणि बाईला खात्याचं नावसुद्धा माहीत नाही. तिला ते कोण सांगणार? त्याच्या शेजारी ज्यानं साचे चालवले, तोच सांगणार! ती साक्ष तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही बोलला नाहीत, तर ती तुमच्याबरोबर जाईल.

आणि बेळगाव, निपाणी? राज्य झालं, पण सीमाभागातला आपला मराठी माणूस बाहेरच राहिला. 2004 साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. कोर्टाचं काम वकील करील. पण तिथला माणूस एकटा नाही, हे त्याला कोण सांगणार? तुमच्यापैकी किती जणांचे सोयरे तिकडे आहेत! त्यांना पत्र लिहा, फोन करा, नावानं हाक मारा.

म्हणून एकच मागणं आहे. घरी गेल्यावर कागद घ्या. आपल्या खात्यातली दहा नावं लिहा. कोण कुठं आहे, कुणाचा अर्ज अडला, कुणाचं नाव मतदार यादीत नाही, ते शोधा. दहा जणांनी आणखी दहा शोधावेत. गिरण्या गेल्या, पण गिरणगाव अजून माणसांत आहे. ते हाकेची वाट पाहत आहे. हाक मारा!

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र!