इंग्रजी उपपदे आणि आपण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, राजकारण, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीत आज आम्ही 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन चिमुकल्या इंग्रजी शब्दांसाठी पाट मागत आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलेच, "अहो, व्याख्यान द्यावे एवढे या तीन शब्दांत आहे तरी काय?" आमचे उत्तर असे की, ज्या तीन शब्दांनी आपल्यातील भल्याभल्यांची तोंडे मुलाखतीच्या खोलीत बंद केली आहेत, त्यांची एक संध्याकाळ चौकशी करणे अगदीच वावगे नाही.

तालुक्याच्या शाळेत मराठीतून शिकलेला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. आपले काम त्याला उत्तम येते. यंत्र नुसते कानाने ऐकून त्यातला दोष सांगणारा तो मुलगा मुलाखतीला बसतो. दोन वाक्ये नीट बोलतो आणि तिसऱ्या वाक्यात नामाच्या उंबरठ्यावर अडखळतो. येथे 'अ' की 'द'? की काहीच नको? या विचारात पुढचे वाक्य हरवते. बाहेर आल्यावर तो म्हणतो, "इंग्रजी आपल्या रक्तातच नाही." आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, भाषा कोणाच्याच रक्तात नसते; आणि या तीन शब्दांमागचा जो विचार आहे, तो त्या मुलाच्या मराठीत पहिल्यापासून आहे. फक्त तो तेथे आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही.

व्याकरणात या शब्दांना उपपदे म्हणतात. 'द' हे निश्चित उपपद. 'अ' आणि 'ॲन' ही अनिश्चित. शाळेत आपण नियम घोकले : प्रथम उल्लेख आला की 'अ', पुन्हा आला की 'द'. नियम खोटा नाही, पण अपुरा आहे. समजा, आम्ही म्हणालो, "काल एका लग्नाला गेलो होतो. नवरी फार उशिरा मांडवात आली." येथे नवरीचा उल्लेख पहिलाच आहे. तरी आपल्यापैकी कोणी "कोणती नवरी?" असे विचारणार नाही. लग्न म्हटले की नवरी आलीच, आणि तीही एकच. इंग्रज येथे 'अ वेडिंग' म्हणेल आणि लगेच 'द ब्राइड' म्हणेल. उलट आम्ही "एक नवरी उशिरा आली" असे म्हणालो असतो, तर "अहो, मांडवात नवऱ्या होत्या तरी किती?" असे आपण विचारले असते. म्हणजे उल्लेख पहिला की दुसरा, हा मूळ प्रश्न नव्हे. मूळ प्रश्न हा की, आपण कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत, ते ऐकणाऱ्याला ओळखता येईल का? येत असेल तर 'द'. येत नसेल आणि वस्तू मोजता येण्याजोगी एक असेल, तर 'अ'. उपपद हे ऐकणाऱ्याविषयीचे सौजन्य आहे. "तुम्हांला ठाऊक असलेलेच सांगतो आहे" किंवा "हे तुम्हांला नवे आहे" अशी सूचना बोलणारा आधीच देऊन ठेवतो.

ही सूचना मराठी देत नाही काय? पुष्कळ देते. मात्र तिच्या खुणा निराळ्या ठिकाणी आहेत. "आम्ही नोकर शोधतो आहोत" आणि "आम्ही नोकराला शोधतो आहोत" ही दोन वाक्ये पाहा. पहिल्या घरात गडी ठेवायचा आहे. दुसऱ्या घरातला गडी बाजारात गेला तो अजून परतलेला नाही. "मुलगी पाहायला गेलो होतो" असे गृहस्थ म्हणाले, तर आपण विचारतो, "पसंत पडली का?" तेच गृहस्थ "मुलीला पाहायला गेलो होतो" असे म्हणाले, तर आपण विचारतो, "तिची प्रकृती आता कशी आहे?" एका 'ला' प्रत्ययाने केवढे अंतर पडले! इंग्रजाला जे सांगण्यासाठी 'अ' आणि 'द' लागतात, ते आपल्या आजीने कोणतेही व्याकरण न वाचता या 'ला'ने सांगितले आहे. या विचाराचे भांडवल आपल्यापाशी आहे. नाणे तेवढे निराळे आहे.

आणि ते नाणेही फारसे परके नाही. 'ॲन' म्हणजे मुळात 'एक'. प्राचीन इंग्रजीत 'एक' या अर्थाचा 'आन' असा शब्द होता. त्याचा जोर कमी होऊन 'ॲन' झाला आणि पुढे व्यंजन आले की शेवटचा 'न' झडून नुसता 'अ' उरला. आपल्याला शाळेत शिकवतात की, स्वरापूर्वी 'अ'चा 'ॲन' होतो. इतिहास नेमका उलटा आहे. 'द' हा 'तो, ती, ते' अशा दर्शक शब्दापासून निघाला. 'दॅट' त्याचाच भाऊबंद. लॅटिनमध्ये उपपदे नव्हती. पण तिच्या पोटी आलेल्या फ्रेंच भाषेने हाच मार्ग धरला. 'एक'पासून एक उपपद केले आणि 'तो'पासून दुसरे. आपली मराठीही कथा सांगताना "एक राजा होता" असा आरंभ करते आणि पुढे "त्या राजाला" म्हणते. फरक एवढाच की, मराठीत ही सोय गरजेपुरती वापरतात, आणि इंग्रजीत ती सक्तीची झाली आहे.

'न' कोणत्या बाजूचा, याबद्दल खुद्द इंग्रजांचाही गोंधळ उडालेला आहे. क्रिकेटच्या मैदानावरचा अंपायर हा मुळात 'नंपायर'सारखा उच्चारला जाणारा शब्द. 'अ नंपायर' म्हणता म्हणता लोकांनी 'न' उपपदाला देऊन टाकला आणि 'ॲन अंपायर' उभा राहिला. उलट टोपणनावाचा 'निकनेम' मूळचा 'एकनेम'. त्याने उपपदाचा 'न' पळविला. या 'एक'चा आपल्या एकाशी संबंध नाही. त्याचा अर्थ 'जादा'. आपले नारिंग फारसी आणि अरबी भाषांतून युरोपात गेले आणि तेथे त्याचे 'ऑरेंज' झाले. त्याचा आद्य 'न' मात्र इंग्लंडला पोहोचण्यापूर्वीच, दक्षिण युरोपातल्या भाषांत, असाच उपपदाच्या सांध्यात गळाला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

आता 'अ' कोठे आणि 'ॲन' कोठे? येथे आपल्यापाशी एक साधन आहे, जे इंग्रज मुलापाशी नाही : आपली देवनागरी. इंग्रजी स्पेलिंग विसरा, शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा आणि पहिले अक्षर पाहा. स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी'च्या आरंभी इंग्रजीत स्वर दिसतो. देवनागरीत 'य' आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-रुपी नोट'च्या आरंभी 'व' आहे, म्हणून 'अ'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांतला 'एच' मुका आहे, देवनागरीत तो लिहिलाच जात नाही, म्हणून 'ॲन'. 'बी. ए.' झालेला गृहस्थ 'अ', पण 'एम्. ए.' झालेला 'ॲन'. मात्र उच्चार शुद्ध हवा. 'एम्'ला 'यम्' म्हणाल, तर पदवी तर जाईलच, वर यमराजाची गाठ पडेल! तसेच वर्षाला 'यीअर' म्हणा आणि कानाला 'इअर'. एकामागे 'अ' लागेल, दुसऱ्यामागे 'ॲन'. हीच परीक्षा 'द'लाही लागू आहे : व्यंजनापूर्वी 'द', स्वरापूर्वी त्याचा उच्चार 'दि'.

काही ठिकाणी उपपद न लावण्यालाही अर्थ असतो. मुलगा 'टु स्कूल' जातो, कारण तो शिकायला जातो. बाप फी भरायला जातो तो 'टु द स्कूल'. चोर 'टु प्रिझन' जातो. त्याचा वकील भेटीसाठी 'टु द प्रिझन' जातो. संस्थेच्या मूळ कामासाठी गेला त्याला उपपद नाही. नुसता त्या इमारतीत गेला त्याला आहे. पाणी, सोने, प्रामाणिकपणा या गोष्टी सामान्य अर्थाने आल्या, तर उपपद नको. पण या विहिरीचे पाणी म्हटले की ते ओळखीचे झाले, तेथे 'द' आला. शहराच्या नावाला उपपद नाही, नद्यांना आहे. मुंबई नुसती मुंबई, पण गोदावरी 'द गोदावरी'.

आपण म्हणाल, एखादे उपपद चुकले तर बिघडते काय? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण काही वेळा बिघडते. समजा, एखाद्या मंडळाने बँकेला कळविले की, धनादेशावर 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' सही करतील. याचा अर्थ दोन्ही कामे पाहणारा एकच गृहस्थ. दोन निरनिराळे गृहस्थ अभिप्रेत असतील, तर 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' म्हटले पाहिजे. मंडळाच्या पैशावर एकाची सही की दोघांची, हे एका 'द'वर ठरते. शिफारसपत्रात 'ही हॅज फ्यू फॉल्ट्स' लिहिले, तर उमेदवारात दोष जवळजवळ नाहीत. ते गौरवपत्र झाले. 'ही हॅज अ फ्यू फॉल्ट्स' लिहिले, तर त्याच्यात काही दोष आहेत. एका 'अ'ने बिचाऱ्याची नोकरी गेली!

याहून मोठी उदाहरणे जगाच्या इतिहासात आहेत. १९६७ सालच्या जूनमध्ये इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांच्यात युद्ध झाले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज' या शब्दापूर्वी 'द' नाही. फ्रेंच प्रतीत उपपद आहे. इस्रायलच्या बाजूने म्हणणे असे की, 'द' नाही, तेव्हा सगळ्याच प्रदेशांतून माघार घ्यावी असे ठरावात नाही. अरब राष्ट्रांचे म्हणणे की, ठरावाचा अर्थ सर्व व्यापलेले प्रदेश असाच आहे. ज्या भूमीसाठी रक्त सांडले, तिच्या वादात वकिलांनी, मुत्सद्द्यांनी आणि पंडितांनी या न लिहिलेल्या एका शब्दावर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत.

दुसरे उदाहरण याहून आनंदाचे आहे. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा जे वाक्य तो बोलला, ते सर्वांना ठाऊक आहे. एका माणसाचे हे लहानसे पाऊल, पण मानवजातीची प्रचंड झेप, असा त्याचा अभिप्राय. परंतु पृथ्वीवर ऐकू आले त्यात 'मॅन'पूर्वी 'अ' नव्हता. 'अ'वाचून नुसता 'मॅन' म्हणजे मानवजातच. म्हणजे मानवजातीचे पाऊल लहान आणि मानवजातीची झेप मोठी, असे काहीसे विसंगत वाक्य झाले. आपल्याला 'अ मॅन' म्हणावयाचे होते, असे आर्मस्ट्राँगने पुढे सांगितले. तो 'अ' उच्चारला गेला की नाही, यावर पुढे ध्वनिमुद्रणे तपासली गेली, तरी वाद मिटला नाही. इंग्रजी ज्याची जन्मभाषा, त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत प्रसिद्ध वाक्यातले उपपद असे संशयात राहिले. आणि तरीही जगाला अर्थ कळला. आपल्या त्या मुलाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता थोडे व्यवहाराचे. इंग्रजी वाक्य रचताना मनाशी मराठीत विचारावे : येथे 'एक' किंवा 'कोणी एक' म्हटले तर चालेल का? चालत असेल तर 'अ'. 'तो', 'तोच', 'आपला ठरलेला' म्हटले तर चालेल का? चालत असेल तर 'द'. दोन्ही बसत नसतील तर बहुधा काही नको. ही कसोटी पुष्कळ दूर नेते, पण शेवटपर्यंत नेते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. "तो डॉक्टर आहे" यात मराठीला 'एक' नको असते. इंग्रजीला 'अ डॉक्टर' हवेच. धंदा सांगताना हा 'अ' विसरणे, ही आपली नेहमीची चूक. नद्यांची, पर्वतांच्या रांगांची, देशांची नावे तर रूढीप्रमाणेच शिकावी लागतात. आणि रूढीही बदलते. युक्रेनला पूर्वी इंग्रजीत सर्रास 'द' लावीत. १९९१ साली तो देश स्वतंत्र झाला, 'द'मुळे देशाऐवजी एखाद्या प्रांताचा भास होतो असा आक्षेप त्यावर आला, आणि तो 'द' गळत गेला.

तेव्हा मुलांना शिकविणाऱ्यांना आमची विनंती अशी : उपपदांची चूक झाली म्हणून वहीवर लाल रेघ अवश्य ओढा, पण त्याबरोबर "तू कोणाविषयी बोलतो आहेस, हे मला ठाऊक आहे का?" एवढे त्याला विचारा. तो लगेच बरोबर उत्तर देईल, कारण त्या प्रश्नाचे उत्तर तो मराठीत दिवसभर देतच असतो. आणि मुलाखत घेणाऱ्यांना विनंती अशी की, समोरचा मुलगा 'द' विसरला, तर त्याला यंत्राविषयी विचारा. उपपद महिन्या-दोन महिन्यांत सुधारता येते. यंत्राचा आवाज ओळखणारा कान इतक्या लवकर घडत नाही.