घराजवळची गांधीलमाशी

श्रोते हो, पाऊस चांगला लागला, रान हिरवे झाले, म्हणजे आपल्या घराशेजारी आणखी एक कुटुंब बिऱ्हाड थाटायला येते. पडवीच्या वाशाला, पत्र्याच्या पन्हळीखाली, शाळेच्या खिडकीच्या कोपऱ्यात एक दिवस रुपयाएवढे राखी रंगाचे, कागदासारखे पोळे लोंबताना दिसते. आपण म्हणतो, असेल काहीतरी. महिन्याभरात ते तळहाताएवढे होते, आणि मग एखाद्या पोराचा चेंडू नेमका तिथे लागतो. पुढची पळापळ आपणा सर्वांच्या ओळखीची आहे.

तर आज या गांधीलमाशीविषयी बोलू. ती घरापाशी येते का, ती येऊ नये म्हणून काय करावे, आलीच तर कसे वागावे, आणि चावली तर पहिल्या घटकेत काय करावे, हे सांगायचे आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. आपण सरसकट ‘गांधील’ म्हणतो, पण त्यांत निदान तीन जाती वेगळ्या काढल्या पाहिजेत. एक, कागदी पोळे करणारी. बारीक कमरेची, पिवळट-तांबूस, उडताना लांब पाय खाली लोंबत असतात. दुसरी तिची थोरली बहीण. अंगाने दांडगी, तपकिरी किंवा काळी, पोटावर पिवळा पट्टा. ती झाडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीत, जमिनीतल्या बिळात राहते. हिच्यापासून खरोखर जपले पाहिजे. आणि तिसरी आपली कुंभारीण. ही ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर, कधी कुलपाच्या भोकातसुद्धा घर लिंपते. ही एकटीच राहते, टोळी जमवत नाही आणि हातात धरून दाबल्याशिवाय सहसा चावतही नाही.

या कुंभारणीला आपल्याकडे मोठा मान आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांतला शेवटचा गुरू हीच. शेवगावापलीकडे गोदेच्या काठी पैठणचे एकनाथ महाराज झाले, त्यांनी या स्कंधावर टीका लिहिली. कीर्तनात बुवा सांगतात, की ही माशी अळीला कोंडून ठेवते, आणि अळी भीतीने तिचेच ध्यान करता करता तिच्यासारखी होऊन बाहेर पडते. दृष्टांत म्हणून तो उत्तमच आहे. पण घरात घडते ते असे: कुंभारीण अळीला किंवा कोळ्याला नांगी मारून बधिर करते, मातीच्या खोलीत ठेवते, त्याजवळ अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले तिचे पोर ते ताजे अन्न खाते आणि मोठे होऊन भिंत फोडून बाहेर येते. गुरुजनहो, हे मातीचे घर एकदा मुलांसमोर अलगद उकलून दाखवा. धड्यात वाचलेले विसरेल, पण हे मूल विसरणार नाही.

म्हणजे या माश्या शिकारी आहेत, आणि इथे शेतकऱ्याचे हित येते. कागदी पोळ्यातली गांधील आपल्या पिल्लांना अळ्या कुरतडून भरवते. त्या अळ्या येतात कुठून? आपल्याच परसातल्या वांग्या-टोमॅटोवरून, बांधावरच्या तुरीवरून. याच माशीकुळातली ट्रायकोग्रामा ही टाचणीच्या डोक्याहूनही लहान माशी उसातल्या खोडकिडीची अंडी नासवते. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या पाटपाण्याखाली ऊस करणाऱ्यांना पानाखाली टाचायची ट्रायकोकार्डे ठाऊकच आहेत. २००२ साली लोकरी मावा उसावर आला, तेव्हा त्याला आवर घालणाऱ्या मित्रकिडींतही एन्कार्सिया नावाची अशीच एक इवली माशी होती. फार कशाला, उंबर फोडल्यावर जी केंबरे उडतात, त्यांत त्याच कुळातल्या माश्या असतात. त्या नसतील तर उंबराला बी धरणार नाही. तेव्हा ‘दिसली की मार’ हे काही शहाणपण नव्हे. रानातली रानात राहू द्यावी. दारातली दूर ठेवावी.

आता ती दारात येते कशाला? तिला तीन गोष्टी लागतात. आडोसा, पाणी आणि खाणे. आपण त्या तिन्ही फुकट देतो.

आधी आडोसा. पावसाच्या माऱ्यापासून सुटलेली, माणसाचा हात न लागलेली जागा तिला हवी असते. माळवदाच्या तुळया, पत्रा आणि भिंत यांमधली फट, संडासाचे छप्पर, विहिरीच्या आतला कठडा, मोटरच्या स्टार्टरची पेटी, न वापरलेली बैलगाडी, डाळिंबाचे दाट झुडूप. फटी लिंपून घ्या, झरोक्यांना बारीक जाळी ठोका, पेटीचे झाकण घट्ट बसवा आणि आठवड्यातून एकदा लांब काठीला झाडू बांधून कोपरे झाडा.

मग पाणी. उन्हाळ्यात आपल्या भागात माणसाला पाणी मिळणे मुश्कील, तिथे माशीने काय करावे? ती रांजणाशी, हौदाशी, गळक्या नळाशी येते. रांजणावर झाकण ठेवा, नळ दुरुस्त करा. जनावरांची डोण मात्र उघडीच राहणार. मग मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ती थोडी बाजूला असू द्या.

आणि खाणे. पिकून पडलेले पेरू, चिकू, फुटलेले डाळिंब, गुऱ्हाळातली मळी, उघडी गुळाची ढेप, उष्टे खरकटे. पडलेली फळे रोज वेचून खतखड्ड्यात पुरा, गोड पदार्थ झाकून ठेवा. उसाचा रस पेल्यात असेल तर मुलाने आत पाहूनच प्यावा. घशात चावलेली माशी फार वाईट.

इतके करूनही पोळे बसले, तर? तर लवकर काढा. सगळे मर्म यातच आहे. सुरुवातीला पोळ्यावर एक-दोनच माद्या असतात आणि घरे पाच-सहा. त्या उडून गेल्या असताना दिवसा काठीने पोळे पाडावे आणि पायाखाली चिरडावे. पुन्हा बांधू लागल्या तर पुन्हा पाडावे. माद्या बसलेल्याच असतील तर लिटरभर पाण्यात दोन चमचे कपड्याचा साबण विरघळवून लांबून फवारावा. साबणाच्या पाण्याने त्यांची श्वासाची छिद्रे बुजतात. मात्र स्टार्टरच्या पेटीत पोळे असेल तर पाणी मुळीच नको. आधी वीज तोडा, मग कोरड्या लाकडी काठीने काढा.

पोळे मोठे झाले, म्हणजे त्यावर वीस-पंचवीस माश्या दिसू लागल्या, तर ते काम जाणत्या माणसाचे. अंगभर जाड कपडे, तोंडावर जाळी, हातमोजे आणि अंधार पडल्यावरची वेळ. शिडीवर चढून, एका हातात कंदील आणि एका हातात काठी, असा पराक्रम कोणी करू नये. जमिनीतल्या बिळाची मोठी गांधील तर स्वतः हाताळूच नका. तिथे खूण म्हणून काट्या रोवा, नांगर आणि जनावरे दूर ठेवा आणि माहीतगार माणूस बोलवा.

आणखी एक कळकळीची सूचना. टेंभा पेटवून पोळे जाळू नका. शेजारी कडब्याची गंज असते, वर पाचटाचे छप्पर असते. माशी उडून जाते आणि घर जळते. बिळात रॉकेल-पेट्रोल ओतणेही तसलेच. आणि पोळे मधमाशीचे असेल तर त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा. मधमाशी अंगाने केसाळ असते, पोळे मेणाचे असते. आपल्या जिल्ह्यात कांद्याचे बी धरायचे, तर डेंगळ्यांच्या फुलांवर तिलाच फिरावे लागते.

आता चावल्यावर काय? प्रथम तिथून दूर निघा, हात झाडत उभे राहू नका. मधमाशीची नांगी कातडीत राहते, ती नखाने लगेच खरवडून काढा. गांधीलीची नांगी राहत नाही, पण ती पुन्हा पुन्हा मारू शकते. जागा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा, हाताला सूज येण्याआधी अंगठी आणि बांगड्या काढा. लोखंड घासणे, चुना फासणे यांत वेळ घालवू नका.

मग अर्धा-पाऊण तास माणसावर नजर ठेवा. चावलेल्या जागी गांध उठणे, ठणकणे, हे होणारच. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा घसा सुजला, दम लागला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती घरगुती उपायाची वेळ नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने आरोग्य केंद्र गाठा. तिथले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. माणसाला आडवे ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. पूर्वी एकदा असा त्रास झालेल्या माणसाला दुसऱ्या वेळी अधिक धोका असतो. आणि पुष्कळ माश्या चावल्या असतील, तर त्या दिवशी बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच. विषाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पुढे दोन-तीन दिवसांत लघवी कमी झाली किंवा चहासारखी काळपट झाली, तर ती खूण समजा.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक विशेष मागणे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे गांधीलीला मोकळे रान. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी वर्गखोल्या, खिडक्यांचे कोपरे, स्वच्छतागृहे आणि घंटेची जागा एकदा पाहून घ्या. आणि मुलांना दोनच नियम घोकवा: पोळ्याला दगड मारायचा नाही, आणि पोळे दिसले की मोठ्या माणसाला सांगायचे. मुलाने येऊन सांगितले की त्याला शाबासकी द्या, त्याच्यावर खेकसू नका. खेकसलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, दगडच उचलेल.

श्रोते हो, आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी एकदा आपल्या घराभोवती फेरी मारा आणि मान वर करून वळचणीकडे बघा. पोळे रुपयाएवढे असेल, तर काम पाच मिनिटांचे आहे.