काठी कोणी दिली?

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कंडक्टर म्हटले की आपल्याला आधी एसटीतला, घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर आठवतो. वाद्यवृंदाचा कंडक्टरही तसाच. गाडी तो चालवत नाही, पण त्याच्या इशाऱ्याशिवाय ती हलत नाही. शंभर वादकांसमोर उभा असलेला हा माणूस स्वतः एकही स्वर काढत नाही. मग त्याचा अधिकार येतो कुठून?

१८८२ साली बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्से या संचालकाने आपल्या वादकांना वॉर्साच्या कार्यक्रमासाठी रेल्वेच्या चौथ्या वर्गातून न्यायचे ठरवले. पन्नासहून अधिक वादक बाहेर पडले व त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. तोच आजचा बर्लिन फिलहार्मोनिक. तिथले वादक आपला प्रमुख कंडक्टर आजही मतदानाने निवडतात. ज्या काठीकडे सगळे पाहतात, ती सगळ्यांनीच त्याच्या हाती दिलेली असते.

कुणी म्हणेल, मग कंडक्टर हवाच कशाला? तोही प्रयोग झाला आहे. मॉस्कोत १९२२ ते १९३२ या काळात 'पेर्सिम्फान्स' हा वाद्यवृंद कंडक्टरविना वाजवत असे. एकमेकांकडे पाहता यावे म्हणून वादक वर्तुळात बसत. काहींची पाठ श्रोत्यांकडे असे. न्यूयॉर्कचा 'ऑर्फियस' हा १९७२ साली स्थापन झालेला वाद्यवृंदही कंडक्टरविनाच वाजवतो. पण तिथे नेतृत्व नाही असे नव्हे. प्रत्येक रचनेसाठी वादकांचा एक छोटा गट ती कशी वाजवायची ते आधी ठरवतो, मग सर्वांची तालीम होते. पुढच्या रचनेला गट बदलतो. तालमीत एखादा वादक उठून सभागृहात जाऊन बसतो आणि एकूण कसे ऐकू येते ते सांगतो. माणूस काढला म्हणून त्याचे काम संपत नाही. ते सर्वांना वाटून घ्यावे लागते.

मात्र लोकशाही आली म्हणजे न्याय आला असे समजू नका. व्हिएन्ना फिलहार्मोनिक ही वादकांनीच चालवलेली संस्था. १९३३ पासून तिला कायमचा कंडक्टर नाही. पण याच स्वायत्त वादकांनी स्त्रीला सभासदत्व दिले ते थेट १९९७ साली! हार्प वाजवणाऱ्या आना लेल्केस त्याआधी कित्येक वर्षे त्यांच्यासोबत वाजवत होत्या, पण सभासद नव्हत्या. मतदान रीतसर होत होते. फक्त मत पुरुषांनाच होते.

आता परदेशातल्या आपल्या मंडळांकडे पाहू. वर्षानुवर्षे तेच पाच-सहा जण राबतात, आणि बाकीचे आपण टाळ्या वाजवून घरी जातो. म्हणून तीन प्रश्न. कार्यक्रमागणिक जबाबदारीचा गट का बदलू नये? मागच्या रांगेत बसून ऐकण्याचे, आणि खटकले ते सांगण्याचे काम कोणाकडे आहे? आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींना, इथेच वाढलेल्या मुलांना, निर्णयात मत आहे का?

पुढची कार्यकारिणी निवडण्याआधी यावर मोकळी चर्चा व्हावी, एवढीच विनंती.